कार्ड दिसतं, पण त्याला अ‍ॅड्रेस मिळत नाही: कर्नल नेमकं काय करतो?

प्रश्न थोडक्यात असा. भोसरी एमआयडीसीतल्या एका युनिटमध्ये कॅमेऱ्याच्या फ्रेम घेण्यासाठी एफपीजीएवर (आतली जोडणी हवी तशी बदलता येणारी चिप) बनवलेलं पीसीआय एक्सप्रेस कार्ड वापरतात. डेस्कटॉपवर ते व्यवस्थित चालतं. तेच एका एआरएम बोर्डावर लावलं तर एलएसपीसीआय या लिनक्स कमांडच्या यादीत दिसतं, पण बूट लॉगमध्ये बार ० आणि बार २ दोन्हींसमोर 'नो स्पेस' (जागा नाही) असं येतं. बार म्हणजे कार्डाची जागा कोणत्या अ‍ॅड्रेसपासून सुरू होते ते धरणारं कार्डावरचं रजिस्टर. बार ० आहे ६४ केबीचा, बार २ आहे २५६ एमबीचा ३२-बिट नॉन-प्रीफेचेबल (अर्थ पुढे येतो). बोर्डाची पीसीआय मेमरी विंडो, म्हणजे पीसीआयसाठी राखलेला अ‍ॅड्रेसचा पट्टा, २५६ एमबीची. विचारणाऱ्याला दोन गोष्टी हव्या आहेत: कर्नल हार्डवेअरला मेमरी अ‍ॅड्रेस देतो कसे, आणि ड्रायव्हरमध्ये हाताने एखादा मोकळा अ‍ॅड्रेस लिहून काम भागेल का.

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो: भागणार नाही. अ‍ॅड्रेस 'मोकळा' आहे एवढ्याने काही होत नाही, तिथपर्यंत वाट असावी लागते. सीपीयूने एखाद्या अ‍ॅड्रेसवर वाचायला घेतलं की चिपमधलं इंटरकनेक्ट ठरवतं की हा व्यवहार डीडीआर रॅमकडे जाणार, यूएआरटीकडे (सीरियल पोर्टकडे) जाणार की पीसीआय होस्ट ब्रिजकडे, म्हणजे सीपीयू आणि पीसीआय यांना जोडणाऱ्या भागाकडे. होस्ट ब्रिजकडे गेला तर रूट पोर्ट (होस्ट ब्रिजचं कार्डाकडचं टोक) आपल्या विंडोत तो बसतो का ते बघतो, बसला तरच खाली सोडतो. शेवटी कार्ड आपल्या बारशी तो ताडून बघतं आणि जुळला तर उत्तर देतं. या तीन पायऱ्यांपैकी एक जरी जुळली नाही, तर तुमचा अ‍ॅड्रेस कितीही मोकळा असला तरी हाती एकतर सगळे एफ (हेक्समध्ये सगळे बिट १) येतील, नाहीतर बोर्ड जागीच लटकेल.

म्हणजे कर्नल अ‍ॅड्रेस 'वाटतो' तो रॅमची पानं वाटतो तसा नाही. हार्डवेअरने आणि फर्मवेअरने आखून दिलेल्या हद्दीत कोणाचं किती माप आहे ते मोजायचं, त्याची मांडणी करायची, ती रजिस्टरांमध्ये लिहायची आणि नोंदवही सांभाळायची, एवढंच त्याचं काम.

आधी मोजणी. कर्नल बस ० पासून सुरुवात करून प्रत्येक डिव्हाइसच्या कॉन्फिगरेशन स्पेसमध्ये (डिव्हाइसची ओळख आणि सेटिंग ठेवणारी छोटी जागा) व्हेंडर आयडी, म्हणजे बनवणाऱ्याचा क्रमांक, वाचतो. चारही आकडे एफ आले तर तिथे कोणी नाही, पुढे चला. ही कॉन्फिगरेशन स्पेस साध्या पीसीआयमध्ये २५६ बाइटांची, एक्सप्रेसमध्ये ४०९६ बाइटांची असते, आणि तिला बारची गरज नसते. कार्ड एलएसपीसीआयमध्ये दिसतं आणि तरीही चालत नाही, त्याचं कारण हेच. दिसण्यासाठी कॉन्फिगरेशन स्पेस पुरते, चालण्यासाठी बार लागतात. साध्या डिव्हाइसला बेस अ‍ॅड्रेस रजिस्टर, म्हणजे बार, सहा असतात, ब्रिजला (एका बसला दुसरी जोडणाऱ्या डिव्हाइसला) दोन. ६४-बिट बार शेजारच्या दोन जागा खातो.

बारला किती जागा हवी ते कार्ड कुठेही आकड्यात लिहून ठेवत नाही, ते काढून घ्यावं लागतं. कर्नल आधी कमांड रजिस्टरमधले मेमरी आणि आयओ डीकोडचे बिट (कार्डाने अ‍ॅड्रेस ओळखून उत्तर द्यायचं की नाही ते ठरवणारे) बंद करतो, बारमधली जुनी किंमत बाजूला ठेवतो, सगळे बिट १ करून लिहितो आणि परत वाचतो. कार्डाने जे खालचे बिट कायमचे ० बांधून ठेवलेले असतात, ते १ होत नाहीत. तुमच्या बार ० चं गणित असं:

लिहिलं: एफएफएफएफएफएफएफएफ
वाचलं: एफएफएफएफ००००
उलटवलं: ००००एफएफएफएफ
१ मिळवला: १०००० हेक्स, म्हणजे ६५,५३६ बाइट, म्हणजे ६४ केबी

वाचलेल्या किमतीतले खालचे चार बिट मापाचे नसतात, जातीचे असतात. शेवटचा बिट १ असेल तर आयओ पोर्ट, ० असेल तर मेमरी. त्याच्या वरचे दोन ३२-बिट की ६४-बिट ते सांगतात. चौथा बिट प्रीफेचेबलचा. तुमचा बार २ जर ६४-बिट प्रीफेचेबल असता, तर वाचल्यावर एफ००००००सी आलं असतं. तुमच्या माहितीप्रमाणे तो ३२-बिट नॉन-प्रीफेचेबल आहे, म्हणजे एफ००००००० येत असणार. माप दोन्हींचं तेच, २६,८४,३५,४५६ बाइट. पण शेवटच्या त्या एका आकड्यावर तुमचं सगळं गाडं अडलंय. मुद्दा पुढे येतोच.

या पद्धतीचे दोन परिणाम लक्षात ठेवा. बारचं माप नेहमी २ च्या घातात असतं, आणि तो सुरूही स्वतःच्या मापाच्या पटीतच होतो. २५६ एमबीचा बार २५६, ५१२, ७६८ एमबी अशाच ठिकाणी बसेल, ३०० एमबीवर कधीच नाही. समजा विंडो ३ जीबी अधिक १६ एमबीपासून सुरू होते आणि ४८० एमबी लांब आहे, पूर्ण रिकामी. तरी २५६ एमबीचा बार तिच्यात बसत नाही, कारण पहिली जुळणारी जागा ३ जीबी अधिक २५६ एमबीची, आणि तिथून २५६ एमबी मोजले की विंडो १६ एमबीने कमी पडते. मैदानाच्या मधोमध एखादी टपरी असली की दोन्ही बाजूंना कितीही जागा असो, मंडळाचा मोठा मांडव पडत नाही, तसंच हे. म्हणून कर्नल मोठ्या अलाइनमेंटचे बार आधी बसवतो आणि चिल्लर नंतर.

मोजणी खालून वर जाते आणि वाटप वरून खाली येतं. प्रत्येक ब्रिज आपल्या खालच्या सगळ्या बारांची बेरीज करून आपली विंडो ठरवतो. ब्रिजला अशा तीन विंडो मिळतात: आयओची, साध्या मेमरीची आणि प्रीफेचेबल मेमरीची. मेमरीच्या विंडो १ एमबीच्या पटीत, आयओची ४ केबीच्या पटीत. एक्सप्रेसमधला रूट पोर्ट हाही कर्नलच्या लेखी ब्रिजच असतो, त्यामुळे मधे कुठलाही स्विच नसला तरी तुमचं कार्ड एका ब्रिजच्या मागेच आहे.

आता तुमच्या बोर्डाचा हिशोब मांडा. बार २ चे २५६ एमबी, बार ० चे ६४ केबी. रूट पोर्टला १ एमबीच्या पटीत विंडो हवी, म्हणजे मागणी झाली २५७ एमबीची. होस्ट ब्रिजकडे आहेत २५६. रूट पोर्टची विंडोच बसली नाही, म्हणून तिच्या मागचे दोन्ही बार लटकले. ६४ केबीच्या बारला जागा नाही असं लॉगमध्ये वाचून माणूस चक्रावतो, पण त्याचा स्वतःचा काहीच दोष नाही. म्हणून सवय अशी ठेवा: 'नो स्पेस' दिसलं की त्या ओळीवर डोकं खाजवत बसू नका, लॉगमध्ये वर जाऊन त्याच्या ब्रिजची विंडो आणि त्याच्या वरच्या रूट बसची विंडो शोधा. एलएसपीसीआय रूट युजरच्या अधिकाराने -व्हीव्ही लावून चालवलं की रूट पोर्टच्या नोंदीत 'मेमरी बिहाइंड ब्रिज' अशी ओळ मिळते. प्रॉकमधली आयओमेम फाइलही बघा, तिच्यात सगळी मांडणी आत आत सरकलेल्या ओळींत दिसते. तीही रूट युजर होऊनच वाचा, साध्या युजरला कर्नल सगळे अ‍ॅड्रेस शून्य दाखवतो आणि लोक उगाच घाबरतात.

डेस्कटॉपवर हे का चाललं? तिथे कर्नल येण्याआधीच यूईएफआय फर्मवेअरने सगळे बार भरलेले असतात. कर्नल एसीपीआयकडून (फर्मवेअरने हार्डवेअरची माहिती लिहून ठेवलेले तक्ते) होस्ट ब्रिजच्या विंडो विचारतो, बारमध्ये आधीच लिहिलेल्या किमती वाचतो, त्या विंडोत बसतात का आणि एकमेकांवर चढत नाहीत ना ते तपासतो, आणि आपल्या झाडात नोंदवून टाकतो. नव्याने वाटप फक्त जिथे गडबड असेल तिथे. शिवाय पीसीवर ४ जीबीच्या खाली उपकरणांसाठी ऐसपैस पट्टा राखलेला असतो. जुन्या ३२-बिट विंडोजवर ४ जीबी रॅम घालूनही सव्वातीन दिसायची ती याच पट्ट्यामुळे. आयओ एपिक आणि लोकल एपिक हे इंटरप्ट कंट्रोलर, बायॉसची फ्लॅश, सगळी मंडळी ४ जीबीच्या टोकाशी दाटीवाटीने बसलेली असतात. पीसीवरच 'नो स्पेस' आलं तर बायॉसमधलं 'अबव्ह ४जी डीकोडिंग' चालू करा, आणि तरीही अडलं तर कर्नलच्या कमांड लाइनला पीसीआय=रीअलॉक देऊन बघा. नोसीआरएस हा पर्याय मात्र इंटरनेटवर सर्रास सुचवला जातो आणि तो धोक्याचा आहे. त्याने कर्नल एसीपीआयने सांगितलेल्या हद्दीच झुगारतो. चाललं तर नशीब, नाही चाललं तर दुसऱ्याच कुणाच्या तरी रजिस्टरवर लिहिलं जाईल.

एआरएम बोर्डावर हद्द सांगतो डिव्हाइस ट्री, म्हणजे बोर्डावर काय कुठे आहे त्याचं कर्नलला दिलेलं वर्णन. पीसीआय नोडमधल्या रेंजेस या गुणधर्मात प्रत्येक विंडोची एक नोंद असते, ३२ बिटांच्या सेलमध्ये मांडलेली: तीन सेल पीसीआय बाजूचा अ‍ॅड्रेस, मग सीपीयू बाजूचा, ६४-बिट चिपवर बहुधा दोन सेल, आणि शेवटचे दोन सेल मापाचे. पहिल्या सेलचा सगळ्यात वरचा बाइट जात सांगतो. ०१ म्हणजे आयओ, ०२ म्हणजे ३२-बिट मेमरी, ४३ म्हणजे ६४-बिट प्रीफेचेबल. पीसीआय बाजूचा आणि सीपीयू बाजूचा आकडा एकच असेल असं धरून चालू नका. होस्ट ब्रिज मधे भाषांतर करू शकतो. बारमध्ये जातो तो पीसीआय बाजूचा आकडा, आणि आयओमेममध्ये दिसतो तो सीपीयू बाजूचा. बारमध्ये एक आणि लॉगमध्ये दुसरंच काही दिसलं, तर आधी हे भाषांतर तपासा.

रेंजेसमधला आकडा २५६ चा ५१२ करून बघण्याचा मोह होईल. चिपच्या संदर्भ पुस्तिकेत पीसीआय कंट्रोलरला खरोखर तेवढा पट्टा दिलेला असेल तरच करा. डिव्हाइस ट्री हे वर्णन आहे, त्यात लिहिल्याने चिपमधल्या वाटा रुंदावत नाहीत. वाढवलेला भाग रॅमवर गेला तर लिहिलेलं डीडीआरमध्ये जाईल आणि कार्डाला पत्ताही लागणार नाही.

बऱ्याच ६४-बिट चिपांमध्ये ४ जीबीच्या वर पीसीआयसाठी दुसरा मोठा पट्टा असतो. तो असेल तर रेंजेसमध्ये ४३ ची नोंद घाला. पण घोडं पेंड खातं ते इथे: तुमचा बार २ ३२-बिट आहे, तो वर जाऊच शकत नाही. नुसता ६४-बिट केला तरी पुरत नाही, कारण ब्रिजची साध्या मेमरीची विंडो ३२-बिटांचीच असते. ४ जीबीच्या वर फक्त प्रीफेचेबल विंडो जाते. म्हणजे एफपीजीएच्या पीसीआय कोअरच्या सेटिंगमध्ये बार २ ला ६४-बिट आणि प्रीफेचेबल दोन्ही टिक करून बिटस्ट्रीम (एफपीजीएत भरायची फाइल) पुन्हा बनवावी लागेल. प्रीफेचेबल म्हणण्याआधी एकदा विचार करा. याचा अर्थ वाचल्याने आत काही बदलत नाही आणि शेजारच्या लिखाणांची मोट बांधली तरी चालतं. फ्रेम बफरला हे लागू पडतं. वाचताच रिकामा होणारा फिफो (रांगेसारखा बफर) किंवा वाचताच पुसलं जाणारं स्टेटस रजिस्टर त्या बारमध्ये असेल तर ते आधी बार ० मध्ये हलवा.

माझं स्पष्ट मत विचाराल तर हा २५६ एमबीचा बार मुळात नकोच. सीपीयूने पीसीआयवरून वाचणं फार महाग असतं, कारण प्रत्येक वाचनाला कार्डापर्यंत जाऊन उत्तर परत येईस्तोवर सीपीयू थांबतो. सोयीसाठी एक फेरी १ मायक्रोसेकंदाची धरा. ४ बाइट प्रति फेरी म्हणजे सेकंदाला ४० लाख बाइट. १९२० गुणिले १०८० ची ८-बिट मोनो फ्रेम २०,७३,६०० बाइटांची, ३० फ्रेमचे झाले सेकंदाला सव्वासहा कोटींच्या आसपास. गरजेच्या पंधराव्या हिश्श्याएवढाही वेग मिळत नाही. डेस्कटॉपवर कुणाला हे जाणवलं नसेल, तर तिथला ड्रायव्हर बहुधा आधीच डीएमए (सीपीयूला मधे न घेता कार्डाने थेट रॅममध्ये लिहिणं) वापरतोय आणि बार २ नुसता अडगळ म्हणून उरलाय. तो काढून टाका किंवा १ एमबीचा ठेवून बार ० मधल्या एका रजिस्टरने त्याची खिडकी पुढेमागे सरकवा. मग २५६ एमबीच्या विंडोत सगळं आरामात बसेल आणि डिव्हाइस ट्रीला हातही लावावा लागणार नाही.

बारला अ‍ॅड्रेस मिळाला की ड्रायव्हरची पाळी. क्रम ठरलेला आहे: पीसीआय_एनेबल_डिव्हाइस, मग पीसीआय_रीक्वेस्ट_रीजन्स, मग पीसीआय_आयओमॅप. पहिलं विसरलात तर डीकोडचा बिट बंदच राहतो, एलएसपीसीआय त्या बारपुढे 'डिसेबल्ड' लिहितं आणि वाचल्यावर सगळे एफ येतात. दुसरं म्हणजे नोंदवहीत आपलं नाव लावणं, त्यामुळे दुसरा ड्रायव्हर तिथे घुसत नाही. तिसऱ्यात कर्नल आपल्या पेज टेबलमध्ये त्या फिजिकल अ‍ॅड्रेससाठी कॅश न होणारी नोंद करतो आणि तुम्हाला व्हर्च्युअल अ‍ॅड्रेस देतो. तो पॉइंटर थेट वापरू नका, रीडएल आणि रायटएल ही कर्नलची फंक्शनं वापरा. आणि एआरएमवर कॉपीसाठी साधं मेमसीपीवाय चालवू नका. डिव्हाइस मेमरीवर अलाइन नसलेला अ‍ॅक्सेस झाला की कर्नल कोसळतो. एक्स८६ वर हीच चूक वर्षानुवर्षं खपून जाते. त्यासाठी मेमसीपीवाय_टूआयओ आणि फ्रॉमआयओ आहेत. लिहिलेलं लगेच पोचलं असं समजू नका, पीसीआयवरची मेमरी लिखाणं वाटेत थांबू शकतात. ती कार्डापर्यंत ढकलायची असतील तर त्याच डिव्हाइसचं एखादं निरुपद्रवी रजिस्टर वाचा.

एफपीजीएची एक खास डोकेदुखी. चालू सिस्टिममध्ये बिटस्ट्रीम नव्याने भरली की कार्डाचे बार पुसले जातात, पण कर्नलच्या नोंदवहीत जुनेच आकडे असतात. मग सगळे एफ. बिटस्ट्रीम भरण्याआधी सिसएफएसमधल्या त्या डिव्हाइसच्या रिमूव्ह फाइलमध्ये १ लिहा, भरून झाल्यावर पीसीआय बसच्या रीस्कॅन फाइलमध्ये १ लिहा. फ्लॅशमधून एफपीजीए भरायला उशीर झाला आणि बूटच्या वेळी कार्ड दिसलंच नाही, तरी लोक असंच रीस्कॅन करतात. तेव्हा मात्र नव्याने 'नो स्पेस' येऊ शकतं, कारण बूटच्या वेळी पोर्ट रिकामा होता आणि त्याला विंडो मिळालीच नाही, किंवा हॉटप्लग (चालू मशीनमध्ये कार्ड लावता येणारा) पोर्ट असेल तर सवयीने २ एमबी राखून ठेवली गेली. कमांड लाइनवर एचपीएमएमआयओसाइझ (हॉटप्लग पोर्टसाठी राखायच्या मेमरी विंडोचं माप) वाढवून द्या, किंवा फ्लॅश वेगवान करून मूळ दुखणंच काढा.

बोर्डावरच्या यूएआरटी, आयटूसी, जीपीआयओ या पेरिफेरलचे (चिपमधल्या जोड-उपकरणांचे) अ‍ॅड्रेस कर्नल देत नाही. ते सिलिकॉनमध्ये कायमचे ठरलेले असतात, डिव्हाइस ट्रीतला रेग हा गुणधर्म फक्त ते सांगतो. तिथेही सीपीयूचा आणि बसचा आकडा वेगळा असू शकतो: रास्पबेरी पाय ३ च्या चिपच्या पुस्तिकेत पेरिफेरल ७ई०००००० वर दाखवलेले आहेत, सीपीयूला ते ३एफ०००००० वर दिसतात. पुस्तिकेतला आकडा तसाच आयओरीमॅपला देऊन 'हार्डवेअरच मेलंय' म्हणणारे दर सेमिस्टरला भेटतात. शिवाय क्लॉक बंद असलेल्या पेरिफेरलला हात लावला की कित्येक चिपांवर बोर्ड गोठतो. अ‍ॅड्रेस बरोबर, मॅपिंग बरोबर, फक्त आत जागं कोणी नाही.

डीएमएकडे वळणार असाल तर दिशा उलटते: आता कार्डाला रॅमचा अ‍ॅड्रेस द्यायचा आहे. तिथे व्हर्च्युअल नाही, फिजिकलही नाही, डीएमए_अलॉक_कोहेरंट किंवा डीएमए_मॅप_सिंगलने परत दिलेला डीएमए अ‍ॅड्रेसच द्या. मधे आयओएमएमयू (डिव्हाइसच्या अ‍ॅड्रेसचं भाषांतर करणारं हार्डवेअर) असेल तर तो फिजिकलपेक्षा पूर्ण वेगळा निघतो. ड्रायव्हरने मास्क, म्हणजे कार्ड किती बिटांचा अ‍ॅड्रेस देऊ शकतं ते, सांगितला नाही तर कर्नल ३२ बिट धरतो, आणि ४ जीबीच्या वर रॅम असलेल्या, आयओएमएमयू नसलेल्या बोर्डावर मग बाउन्स बफरमधून (कार्ड पोचू शकेल अशा मधल्या जागेतून, कर्नलमध्ये तिचं नाव स्विओटीएलबी) कॉपी सुरू होते. तो बफर सवयीने ६४ एमबीचा, आणि एका मॅपिंगला सलग २५६ केबीच देतो. तुमची फ्रेम जवळपास २ एमबीची, म्हणजे मॅपिंग फसणार आणि लॉगमध्ये 'स्विओटीएलबी बफर इज फुल' दिसणार. कार्डाचा डीएमए इंजिन ६४-बिट अ‍ॅड्रेस घेतो का ते एफपीजीए करणाऱ्याला विचारा. घेत असेल तर मास्क ६४ करा, नसेल तर डीएमए_अलॉक_कोहेरंटने बफर सुरुवातीलाच घेऊन ठेवा, ते ४ जीबीच्या खालीच मिळतील.